अंडाशय ठेवणार का?

नमस्कार. आज मला इंदूरच्या आणि देवास-उज्जैनकडच्या माझ्या मैत्रिणींशी बोलायचं आहे. घरात यजमान असतील तर त्यांनाही जवळ बसवा.

‘पिशवी (म्हणजे गर्भाशय) काढून टाकली’ हे आपल्याकडे दात काढल्याइतक्या सहज सांगतात. अंगावरून फार जातं, गाठ आहे, आणि मुलंबाळं झालीच आहेत, मग ठेवून काय करायची? २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पन्नाशीच्या आतल्या ज्या बायकांची पिशवी काढलेली होती, त्यांचं ऑपरेशनच्या वेळचं मध्यक वय ३४ निघालं, म्हणजे निम्म्या जणींची त्याच्या आतच काढलेली. चौतिसाव्या वर्षी!

मध्यंतरी रामबागेतल्या एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या, चाळिशीच्या आतल्या. सकाळी पोहे धुऊन निथळत ठेवले, दहा मिनिटांनी तेच पुन्हा धुतले, पार लगदा झाला. रोज भेटणाऱ्या शेजारणीचं नाव ओठावर येईना. रात्री तीनला घामाने जाग यायची. मुलावर हात उगारला आणि मग न्हाणीघरात जाऊन रडल्या. “डॉक्टर, मला वेड तर लागत नाहीये ना?” त्यांच्या पर्समधून मी डिस्चार्जचा कागद काढला. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली होती. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः अंडाशयात तयार होतं आणि ते मेंदूतही काम करतं. नवीन आठवणी जिथे रुजतात त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. त्यांच्यावर पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. १९९०मध्ये कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकएवन यांच्या गटाने दाखवलं की उंदराच्या मादीत इस्ट्रोजेनच्या चढउताराबरोबर हे काटे एका दिवसात जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतात. अंडाशय काढले तरी ते विरळ होतात, इस्ट्रोजेन दिलं की परत येतात. माणसांतही, कॅनडात बार्बरा शर्विन यांनी ऑपरेशन झालेल्या बायकांना तपासलं: ज्यांना इस्ट्रोजेन दिलं त्यांची शब्दांची स्मृती टिकली, नुसतं खोटं औषध मिळालेल्यांची घसरली. झोप, घाम, चिडचिड, उदासी यांचे धागेही याच संप्रेरकाशी जोडलेले आहेत.

नैसर्गिक रजोनिवृत्ती वेगळी. ती काही वर्षांत हळूहळू येते, त्या काळात नवीन शिकणं थोडं मंदावतं आणि बहुतेकींचं पुढे पूर्ववत होतं. त्याला घाबरू नका. अंडाशय काढण्याच्या ऑपरेशनने मात्र एका दुपारीत सगळं थांबतं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या २००७च्या अभ्यासात रजोनिवृत्तीआधी अंडाशय काढलेल्या बायकांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला. ऑपरेशन जितक्या लहान वयात, तितका जास्त. पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलेल्यांमध्ये ती वाढ दिसली नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: सही करण्याआधी विचारा, “डॉक्टर, अंडाशय ठेवणार का? ठेवणार नसाल तर का?” कॅन्सर असेल, किंवा आई-मावशीच्या घराण्यात अंडाशयाचा कॅन्सर असेल, तर काढणंच शहाणपणाचं ठरू शकतं. नुसत्या रक्तस्रावासाठी आधी गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू आत बसवता येते.

ऑपरेशन आधीच झालं असेल तर कपाटातला कागद शोधा आणि अंडाशय आहेत की नाहीत, डॉक्टरांकडून समजून घ्या. पंचेचाळीसच्या आत दोन्ही गेले असतील तर संप्रेरक-उपचाराबद्दल लवकर बोला. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर हा उपचार सहसा देत नाहीत. आणि आजींनो, मैत्रिणीच्या संप्रेरकाच्या गोळ्या तुम्ही सुरू करू नका: २००३च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ६५च्या पुढे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरकं एकत्र दिल्यावर स्मृतिभ्रंश कमी झाला नाही, दुप्पट झाला. तुम्ही विसरत असाल तर थायरॉइड आणि बी-१२ आधी तपासून घ्या. एकदा रक्त दिलं की दोन्ही कळतात, आणि दोन्हींवर औषध आहे.