पांढरीतले नाणे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यात जुन्या, उठून गेलेल्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरे पडत आणि पुन्हा उभी राहत गेल्यामुळे तिथली माती भोवतालच्या काळ्या रानापेक्षा फिकी, राखेसारखी दिसते. पैठणला गोदावरीकाठी अशी पांढरी मी प्रथम पाहिली आणि जुन्या नाण्यांचा नाद मला लागला तो तिथेच.

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर, म्हणजे तेव्हाचे तगर, या दोन्ही गावांची नावे आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई, असे त्यात लिहिले आहे. हे वाचून तेरला गेलेला माणूस तिथल्या शासकीय वस्तुसंग्रहालयात नाण्यांच्या पेटीपुढून सहजासहजी हलत नाही. शिसे, तांबे किंवा पोटीन या मिश्रधातूचे करड्या रंगाचे ते लहानसे तुकडे. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे, म्हणजे ज्याला अभ्यासक 'उज्जैन चिन्ह' म्हणतात ते, आणि हत्तीभोवती ब्राह्मी अक्षरे.

ही अक्षरे मात्र क्वचितच पूर्ण मिळतात. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे राजाचे अर्धे नाव नाण्याबाहेरच राहते. एकावर 'वासिठि' उमटते, दुसऱ्यावर 'पुतस', तिसऱ्यावर 'पुळुमाविस'. अशी चार-पाच नाणी शेजारी ठेवावीत तेव्हा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे नाव जुळते. एका नाण्याने भागत नाही, ते असे. हौस म्हणा, पण संग्रहाचे खरे कारण मला तरी हेच वाटते.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पावसाळ्यानंतर पांढरीवर नाणी उघडी पडतात, पण ती उचलून खिशात घालणे हा संग्रह नव्हे. कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत ते नाणे होते, ही माहिती उचलताक्षणी नष्ट होते. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संग्राहकाने नाणे विकत घ्यावे ते माहीतगाराकडून, पावतीसह.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. दौलताबादचा किल्ला उतरताना डोक्यात मुहम्मद तुघलक होता. त्याने १३२७ च्या सुमारास राजधानी इथे हलवली आणि पुढे दोन-तीन वर्षांतच चांदीच्या टंक्याऐवजी पितळेची व तांब्याची नाणी त्याच किमतीला चालवली. खोटी नाणी इतकी पाडली गेली की अखेर सुलतानाला ती आपल्या खजिन्यातून सोने-चांदी देऊन परत घ्यावी लागली. अशा भारलेल्या अवस्थेत, पुढे एका गावच्या बाजारात, एका विक्रेत्याकडून मी तसले एक पितळी नाणे घासाघीस न करता घेतले.

घरी भिंगाखाली पाहिले तेव्हा कडेभोवती केसाएवढी बारीक रेघ दिसली. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे अशी रेघ राहते. हातोड्याने ठसा मारून पाडलेल्या नाण्याला ती नसते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडेही होते. म्हणजे नाणे ओतलेले, खोटे. जाणकार स्नेह्याला दाखवले, तर तो हसून म्हणाला, "खोटं आहे हे नक्की, फक्त तुघलकाच्या काळातलं खोटं की परवाचं, ते सांगा."

नखाने कोपरा खरवडला. आत नवे कोरे पितळ चकाकले. ते नाणे मी अजून ठेवले आहे, संग्रहाच्या पहिल्याच कप्प्यात, दौलताबादच्या एसटी तिकिटासोबत.