पडदा कोणाचा? ऑस्ट्रेलियन सिनेमाचा काल आणि उद्या

श्रोतेहो, नमस्कार.

जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट कुठे तयार झाला, असं विचारलं तर कोणी अमेरिका म्हणेल, कोणी फ्रान्स. अभ्यासक मात्र हा मान मेलबर्न शहराला देतात. 26 डिसेंबर 1906 या दिवशी, म्हणजे नाताळ उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिथल्या अथेनियम हॉलमध्ये 'द स्टोरी ऑफ द केली गँग' लागला. चांगला तासाभराहून मोठा. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून सहा वर्षांहून जास्त अवकाश होता.

नेड केली हा तिथला बंडखोर दरोडेखोर. नांगराचं लोखंड ठोकून त्याने अंगभर चिलखत केलं, ते घालून पोलिसांच्या गोळ्यांसमोर उभा राहिला, आणि 1880 मध्ये मेलबर्नच्या तुरुंगात फासावर गेला. आपल्याकडे तंट्या भिल्लाच्या गोष्टी जशा सांगितल्या जातात, तशा त्याच्या सांगितल्या जात. सिनेमा आला तेव्हा त्याला फाशी देऊन जेमतेम सव्वीस वर्षं झाली होती. त्याची बातमी वर्तमानपत्रात वाचलेली माणसंच समोर प्रेक्षकांत बसलेली असणार.

आपण रेडिओवर आहोत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मूकपट होता, पण मुका नव्हता. पडद्याशेजारी एक निवेदक उभा राहून कथा सांगायचा आणि पडद्यामागे माणसं बसलेली असायची. घोडे दौडू लागले की ती नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटायची, गोळीबार सुरू झाला की खोटी काडतुसं उडवायची. आज त्या चित्रपटातली फक्त सतरा-अठरा मिनिटं शिल्लक आहेत. फिल्म जागोजागी सडलेली आहे, त्यामुळे शेवटच्या चकमकीत चिलखतातला केली पुढे येतो तेव्हा पडद्यावर डाग उकळताना दिसतात. तरीही तो खाली कोसळतो, तेव्हा पाहणारा सावरून बसतो.

इतकी झकास सुरुवात, मग पुढे गाडी अडली कुठे? पहिला धोंडा सरकारनेच घातला. दरोडेखोर नायक दाखवले तर पोरं बिघडतील म्हणून 1911-12 मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी असल्या चित्रपटांवर बंदी आणली. लोकांना जे सगळ्यात जास्त आवडत होतं, तेच नेमकं बंद. दुसरा धोंडा धंद्याचा. 1913 मध्ये चित्रपटगृहं आणि वितरण यांच्या मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि पडदे मोजक्या हातांत गेले. त्या हातांना अमेरिकेतून येणारा तयार माल स्वस्त पडत होता. दिग्दर्शक रेमंड लाँगफर्ड आणि अभिनेत्री लॉटी लायल या जोडीने 1919 मध्ये 'द सेंटिमेंटल ब्लोक' हा अतिशय गोड मूकपट केला. लॉटी क्षयाने 1925 मध्ये गेली. लाँगफर्ड पुढे सिडनीच्या गोदीत रात्रपाळीचा पहारेकरी झाला. देशातल्या सर्वोत्तम दिग्दर्शकांपैकी एक माणूस, आणि त्याला मिळालेलं काम हे!

इथे मला माझा मुद्दा मांडू द्या. मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा पडदा मिळत नाही, हिंदी पुढे आपलं काही चालत नाही, ही तक्रार आपण वर्षानुवर्षं करतो. ती खरीच आहे. पण आपल्याला निदान भाषेचं कुंपण आहे. हिंदी चित्रपट कितीही मोठा असला तरी मालवणी म्हाताऱ्याच्या तोंडी तो मालवणी देऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियाला हे कुंपणसुद्धा नाही. हॉलिवूड त्यांच्याच भाषेत बोलतं, शंभरपट पैसा घेऊन बोलतं. त्यामुळे तिथे सिनेमा जेव्हा जेव्हा फुलला, तेव्हा तेव्हा कोणीतरी मुद्दाम हाताने आधार दिला होता. आणि आधार निघाला की सुकला.

पन्नास-साठच्या दशकांत तो जवळजवळ सुकलेलाच होता. बाहेरचे लोक येऊन चित्रीकरण करून जायचे. 1971 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ऑस्ट्रेलियात घडणारे दोन चित्रपट स्पर्धेत होते, 'वॉकअबाउट' आणि 'वेक इन फ्राइट'. पहिल्याचा दिग्दर्शक इंग्रज, दुसऱ्याचा कॅनेडियन! 'वेक इन फ्राइट'मध्ये एक शाळामास्तर आडगावात अडकतो आणि दारू, जुगार, कांगारूंची शिकार यांत बुडत जातो. ऑस्ट्रेलियन लोकांना तो आरसा बघवला नाही. पुढे त्याची निगेटिव्हच हरवली. संकलक अँथनी बकली यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने शोध घेतला, तेव्हा ती अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका गोदामात सापडली. डब्यांवर शेरा होता, नष्ट करण्यासाठी. लाँगफर्डच्या मूकपटाची चांगली प्रतही अमेरिकेतल्याच एका संग्रहात निघाली होती, तीही चुकीच्या नावाखाली. स्वतःचा वारसा दुसऱ्याच्या गोदामातून शोधून आणायची वेळ यावी, याला काय म्हणावं!

चक्र फिरलं ते सत्तर साली. पंतप्रधान जॉन गॉर्टन यांच्या सरकारने चित्रपट विकास महामंडळ काढलं, 1973 मध्ये राष्ट्रीय फिल्म स्कूल सुरू झालं आणि पहिल्याच तुकडीत जिलियन आर्मस्ट्राँग आणि फिलिप नॉइस हे दिग्दर्शक निघाले. पीटर वीअरचा 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' 1975 चा. शाळेच्या सहलीतल्या मुली भर दुपारी खडकांत गडप होतात आणि चित्रपट त्याचं उत्तर देत नाही. निर्माते आजही असलं धाडस करणार नाहीत. 1979 मध्ये जॉर्ज मिलर नावाच्या डॉक्टरने, ज्याने रुग्णालयात अपघाताचे रुग्ण पाहिले होते, 'मॅड मॅक्स' काढला. तुटपुंजं बजेट, सुसाट गाड्या, जगभर तुफान धंदा. गंमत अशी, की अमेरिकेत तो लावताना वितरकांनी सगळे संवाद अमेरिकी आवाजांत डब करून घेतले. इंग्रजीचं इंग्रजीत डबिंग!

1981 मध्ये सरकारने करसवलत दिली. चित्रपटात गुंतवलेल्या रकमेच्या दीडपट रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. झालं, डॉक्टर, दंतवैद्य, सगळे निर्माते झाले. चित्रपट भाराभर निघाले, त्यांतले कित्येक कोणी पाहिलेही नाहीत. पैसा ओतला की सिनेमा होतो, असं समजणाऱ्यांनी हा काळ जरूर अभ्यासावा.

माझ्या मते तिथल्या सिनेमातलं सर्वांत मोलाचं काम नंतर झालं, आणि ते मूळनिवासी माणसांनी केलं. चार्ल्स शोव्हेलच्या 'जेडा'मध्ये 1955 मध्येच मूळनिवासी कलाकार मुख्य भूमिकांत होते, पण गोष्ट गोऱ्यांची नजर घेऊन आली होती. 'वॉकअबाउट'मधला डेव्हिड गुलपिलिल हा पोरगा पुढे पन्नास वर्षं पडद्यावर राहिला. त्याने दिग्दर्शक रॉल्फ डी हीर यांना एक जुना फोटो दाखवला. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांनी तीसच्या दशकात काढलेला. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अराफुरा दलदलीत, झाडाच्या सालीच्या होड्यांतून निघालेले दहा जण. या एका फोटोतून 2006 चा 'टेन कनूज' उभा राहिला. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी भाषांमध्ये पूर्णपणे बोलणारा हा पहिला कथापट. डी हीर यांच्याबरोबर पीटर जिगिर हे रामिंगिनिंग गावचे सहदिग्दर्शक होते.

पात्रनिवडीसाठी स्क्रीन टेस्ट वगैरे झाल्या नाहीत. जुन्या फोटोतला हा कोणाचा आजा, तो कोणाचा चुलता, हे गावकऱ्यांना ठाऊक होतं. त्याप्रमाणे भूमिका ठरल्या. कोणाची बायको कोण होऊ शकते, हेसुद्धा नात्याच्या नियमांनी ठरलं. सालीच्या होड्या करायची विद्या जवळपास विसरली गेली होती, ती चित्रीकरणासाठी पुन्हा जमवावी लागली. एक काळ कृष्णधवल आणि त्याहून जुना, पुराणातला काळ रंगीत, असा उलटा डाव मांडला. निवेदक गुलपिलिलच, आणि मध्येच मिश्किलपणे प्रेक्षकांची फिरकी घेतो. कानमध्ये या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. आज वॉर्विक थॉर्नटन, आयव्हन सेन, रेचल पर्किन्स हे मूळनिवासी दिग्दर्शक स्वतःच कॅमेऱ्यामागे उभे आहेत. भाषेचं जे कुंपण इंग्रजी बोलणाऱ्या ऑस्ट्रेलियनांना मिळालं नाही, ते यांच्याकडे आहे.

आपलाही एक धागा तिथे जातो. 'हंटरवाली' या 1935 च्या चित्रपटातली चाबूकवाली फिअरलेस नादिया पर्थमध्ये जन्मलेली, मुंबईत वाढलेली. आज मेलबर्न-सिडनीच्या मल्टिप्लेक्समध्ये दर आठवड्याला हिंदी, तेलुगू, पंजाबी चित्रपट लागतात. 2023 मध्ये दोन्ही देशांनी चित्रपटांच्या सहनिर्मितीचा करारही केला.

पुढे काय? मोठी स्टुडिओ संकुलं आहेत, परदेशी चित्रपटांना खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत परतावा आहे. त्यामुळे तंत्रज्ञांना काम भरपूर, पण तिथलं क्वीन्सलँड राज्य पडद्यावर थायलंड म्हणून दिसतं. दुसरीकडे यूट्यूबवर धांगडधिंगा करणाऱ्या फिलिपू बंधूंनी ॲडलेडमध्ये 'टॉक टू मी' हा भयपट केला आणि 2023 मध्ये जगभर 9 कोटी अमेरिकी डॉलरच्या वर कमाई केली. तारे नाहीत, बोली त्यांची स्वतःचीच, आणि या खेपेला कोणी डब केली नाही. 2025 च्या अखेरीस संसदेने कायदा केला, की दहा लाखांहून जास्त ग्राहक असलेल्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी त्या देशातल्या खर्चाचा दहावा हिस्सा किंवा महसुलाचे साडेसात टक्के स्थानिक निर्मितीवर घालावेत. बड्या कंपन्यांना तो रुचणार नाहीच. मला विचाराल तर तो किमान दहा वर्षं उशिरा आला. शिवाय त्यात चित्रपटगृहांच्या पडद्यांचं काहीच नाही.

श्रोतेहो, ऑस्ट्रेलियन सिनेमाची ओळख कुठून करून घ्यावी, असं विचाराल तर मी 1997 चा 'द कासल' सुचवेन. अकरा दिवसांत चित्रित झालेला. विमानतळाला खेटून एका साध्या माणसाचं घर आहे, सरकारला ते विस्तारासाठी हवं आहे, आणि हा गडी मोबदला घ्यायला तयार नाही, थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. त्याचा वकील घटनेतलं नेमकं कलम सांगू शकत नाही, तो सबंध घटनेचा 'एकूण माहौल' आपल्या बाजूने आहे, असं न्यायाधीशांना सांगतो. भूसंपादनाची नोटीस हातात घेतलेल्या पुरंदरच्या शेतकऱ्याला हा चित्रपट समजावून द्यावा लागणार नाही.

नमस्कार.