टाचण्या एका रेषेत

(दृश्य : पहाट, जांबोटीचा रस्ता, पावसात येणारी बस)

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात सकाळची पहिली गाडी शाळेच्या मुलांनीच भरते. कणकुंबीकडून, जांबोटीकडून, मधल्या वाड्यांवरून. जून 2023 पासून मुलींना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. मुलांकडे पास असतो. बाहेर पाऊस, भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखल आणि रोपलावणीला वाकलेल्या बायका. त्यांत कुणाची ना कुणाची आई असतेच.

आम्ही मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीला आहोत. कंडक्टरशी कन्नडमध्ये बोलतो, शेजारच्या बाकावर मराठीत, आणि मोबाईलवर बघतो ते बहुतेक हिंदीत. याचं आम्हाला कधी ओझं वाटलं नाही.

आमच्या पिढीबद्दल मोठी माणसं खूप बोलतात. लग्नात बोलतात, स्टँडवर बोलतात. पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, म्हणतात. बसतो, खरं आहे. पण 2020 मध्ये शाळा बंद पडली तेव्हा आम्ही पाचवीत होतो, आणि तो मोबाईल अभ्यासासाठी म्हणूनच आमच्या हातात आला होता. पुढे सरकारचा ‘विद्यागम’ उपक्रम आला. सर गावात येऊन देवळाच्या ओसरीवर शिकवायचे. काही महिन्यांत तेही थांबलं. अपूर्णांक आमच्यातल्या कितीतरी जणांचे तेव्हाच कच्चे राहिले.

(दृश्य : विज्ञानाचा वर्ग, टेबलावर पाट, पांढरा कागद, काचेचा ठोकळा)

आता हे नीट बघा. या चित्रणासाठीच आम्ही सगळा खटाटोप केला.

धडा प्रकाशाच्या अपवर्तनाचा, म्हणजे काचेत शिरताना-निघताना प्रकाश वाकतो त्याचा. पाटावर कागद लावायचा, मधोमध काचेचा जाड ठोकळा ठेवायचा आणि पेन्सिलीने त्याची कड आखून घ्यायची. एका बाजूला तिरक्या रेषेवर दोन टाचण्या टोचायच्या, जरा अंतर ठेवून. मग पलीकडच्या बाजूला जायचं, डोळा पाटाच्या पातळीवर आणायचा आणि काचेतून बघायचं. त्या दोन टाचण्या काचेत भलत्याच ठिकाणी दिसतात. आता तिसरी टाचणी अशी टोचायची की ती त्या दोघींना झाकेल. मग चौथी. चारही एका रेषेत दिसल्या पाहिजेत.

दिसत नाहीत. पहिल्या खेपेला कुणालाच दिसत नाहीत. टाचणी जरा कलली की डोकी जुळतात आणि बुडखे सरकतात. म्हणून बाई सांगतात, डोकं बघू नका, टाचणी कागदात जिथे रुतलीय तिथे बघा. एक डोळा मिटून, श्वास रोखून एकेक जण वाकतो. ठोकळे दोनच आहेत, त्यामुळे मागे रांग लागते, आणि रांगेतले सगळे सल्ले देत असतात.

मग ठोकळा उचलतात, टाचण्यांची भोकं पट्टीने जोडतात. काचेत शिरणारा किरण, काचेतून वाकून जाणारा किरण, बाहेर पडणारा किरण. कोनमापक लावला की आपाती (शिरणारा) किरण आणि निर्गत (बाहेर पडणारा) किरण एकमेकांना समांतर निघतात, फक्त थोडे बाजूला सरकलेले.

(दृश्य : कागदावरच्या तीन रेषा, जवळून)

हीच आकृती पुस्तकात छापलेली आहे. मोबाईलवरही आहे, दोन मिनिटांत, रंगीत, एकही टाचणी न चुकता. आम्ही ती आधी बघितली होती, पाठही केली होती. पण काचेच्या आत किरण नेमका कुठून कुठे गेला, हे आमच्यातल्या बहुतेकांना ठोकळा उचलल्यावरच कळलं. किरण काचेत दिसत नाही. आत शिरला ती जागा आणि बाहेर पडला ती जागा जोडून तो आपण शोधून काढायचा असतो. हे एकाने रांगेतूनच मोठ्याने सांगितलं, आणि बाईंनी त्याला फळ्याजवळ बोलावून पुन्हा सगळ्यांना सांगायला लावलं.

आम्हाला उत्तर पटकन सापडतं. आमच्या आधीच्या कुठल्याही पिढीला इतक्या पटकन सापडलं नसेल. ते उत्तर हाताने करून बघायला मात्र आम्हाला वेळही मिळत नाही आणि सामानही. दहावीला विज्ञानाचे 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत, स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा नाही. आकृती घोकून काढली तरी गुण मिळतात. म्हणून डिसेंबरनंतर सराव प्रश्नपत्रिका सुरू होतात आणि ठोकळे कपाटात जातात.

घरी आजोबांकडून आम्ही सीमाप्रश्नाचं 1956 सालापासूनचं सगळं ऐकलंय. मोर्चे, महाजन आयोग, तुरुंगात गेलेली माणसं. ते सोसलं त्यांचा आम्हाला अभिमान आहे. सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 सालचा, म्हणजे आमच्या जन्माआधीचा. तो निकाली निघो न निघो, येत्या जूनमध्ये आम्हाला कॉलेजात जायचंच आहे. तिथे सायन्स घेतलं की विज्ञानाचे सगळे विषय इंग्रजीतून, आणि भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक थेट परीक्षेला. ते झेपणार नाही म्हणून मनात असूनही सायन्स सोडणारी मुलं दर वर्षी असतात. मुली जास्त.

(दृश्य : ग्रामपंचायतीचं वाचनालय, संध्याकाळ)

हे आमच्या गावचं वाचनालय. अशा वाचनालयांना आता ‘अरिवु केंद्र’ म्हणतात, म्हणजे ज्ञानकेंद्र. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा उजेड) योजना आली, तेव्हापासून गावातल्या मुलांना इथलं सभासदत्व फुकट आहे. बेळगावात 1848 सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, सगळ्यांना ठाऊक असलेलं. आमचं इतकं मोठं नाही, खोली एकच आहे. पण संध्याकाळी सातला इथे बसायला जागा मिळत नाही, हे मोबाईलबद्दल बोलणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

इथे पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) असलेली एक अक्का आम्हाला शिकवते. तीही मराठी माध्यमातलीच. धडा मराठीत वाचायचा, वहीच्या मागच्या पानावर इंग्रजी संज्ञा लिहायच्या, आणि मग तीच आकृती इंग्रजीत समजावून सांगायची, समोरच्याला कळेपर्यंत. अडखळलं तर अक्का गप्प राहते. पुढचं वाक्य ती कधीच पुरवत नाही.

परवा तिने विचारलं, ठोकळा आणि टाचण्या इथे आणता येतील का? शाळेचं सामान बाहेर नेता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेची खोली रविवारी सकाळी दोन तास उघडी मिळावी, असा अर्ज आम्ही मुख्याध्यापकांना दिला आहे. खाली सगळ्या वर्गाच्या सह्या आहेत. नववीच्या मुलांनी अर्ज मागून घेतला आणि आपल्याही सह्या केल्या.