शोधनिबंधांची यादी कशी वाचावी

मित्रहो, एखाद्या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाचा परिचय करून देताना आपण हमखास दोन आकडे सांगतो: शोधनिबंध किती आणि एच-इंडेक्स किती. हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये मांडला. ज्याच्या 40 निबंधांचा प्रत्येकी किमान 40 वेळा इतरांनी संदर्भ दिला आहे, त्याचा निर्देशांक 40. हिशेब सोपा, म्हणून निवड समित्यांच्या सोयीचा. पण माणसाच्या कामाचा प्रभाव जाणून घ्यायचा असेल तर निबंध उघडावा लागतो, आणि तो वाचून पुढे कुणी काय केलं याचा माग काढावा लागतो.

जपानी रोगप्रतिकारशास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांची यादी लांबलचक आहे. मी मात्र 1995 मध्ये ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’त आलेल्या एकाच निबंधापाशी थांबणार आहे.

त्याचं मूळ 1969 मध्ये आहे. निशिझुका आणि साकाकुरा या जपानी संशोधकांना दिसलं, की जन्मानंतर तिसऱ्या दिवशी मादी उंदराची छातीतली थायमस ग्रंथी काढली, तर पुढे तिचे अंडाशय निकामी होतात. नंतर उलगडलं, की शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या अवयवावर उलटते. हे कोड्यात टाकणारं होतं. हल्ला करणाऱ्या टी पेशी थायमसमध्ये तयार होतात. ती ग्रंथीच काढली तर हल्ला कमी व्हायला हवा, मग तो वाढला कसा? आवर घालणाऱ्या काही पेशी तिथूनच येत असाव्यात, आणि त्या बाहेर पडण्याआधीच ग्रंथी गेली, हे एक उत्तर संभवत होतं.

अडचण अशी, की अशा आवर घालणाऱ्या, ‘सप्रेसर’ पेशींची कल्पना 1970 च्या दशकात फार गाजली आणि 1980 च्या दशकात तितकीच बदनाम झाली. ज्या जनुकावर तिची बरीच भिस्त होती, ते अपेक्षित जागी सापडलंच नाही. बहुतेकांनी विषय सोडला. साकागुचींनी सोडला नाही. 1985 मध्ये त्यांचा या वाटेवरचा एक निबंध आला, आणि नेमकं उत्तर यायला आणखी दहा वर्षं गेली. ही दहा वर्षं यादीत दिसत नाहीत, पण मला त्यांचंच मोल सर्वांत जास्त वाटतं.

1995 चा प्रयोग असा: निरोगी उंदराच्या पेशींमधून सीडी25 हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या पेशी काढून टाकल्या, आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांच्या अनेक अवयवांना स्वयंप्रतिकार रोग जडले. काढलेल्या पेशी वेळेत परत दिल्या, तर रोग टळला. आता आवर घालणाऱ्या पेशींना ओळखखूण मिळाली, आणि कोणतीही प्रयोगशाळा त्या वेगळ्या काढून स्वतः पडताळा घेऊ शकत होती. माझ्या मते प्रभाव इथे आहे. एखादं मत मान्य होणं वेगळं, आणि विरोधकालाही स्वतःच्या टेबलावर तपासता येणं वेगळं.

नोबेलचे दुसरे दोन मानकरी, मेरी ब्रन्कॉव आणि फ्रेड रॅम्सडेल, यांनी 2001 मध्ये ‘स्कर्फी’ जातीच्या उंदरांच्या आजारामागचं फॉक्सपी3 हे जनुक शोधलं, तेव्हा ते एका जैवतंत्रज्ञान कंपनीत होते. त्याच जनुकातला बिघाड मुलांमध्ये आयपेक्स हा गंभीर स्वयंप्रतिकार आजार घडवतो, हेही दाखवलं गेलं. 2003 मध्ये साकागुचींच्या गटाने आणि इतरांनी दाखवलं, की त्या आवर घालणाऱ्या, म्हणजेच नियामक, पेशी घडवणारं जनुक हेच. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी चाललेलं काम एका जागी भेटलं. अशा वेळी तिघांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ उरतो का?

नुसत्या संदर्भसंख्येने तर आणखी फसगत होते. सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध म्हणून प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा लाउरी यांचा 1951 चा निबंध प्रसिद्ध आहे. तो उपयोगी आहेच, पण त्याने निसर्गाबद्दलची आपली समज पालटली नाही. आढावा घेणाऱ्या लेखांचंही तसंच. मूळ प्रयोगापेक्षा आढाव्याचा संदर्भ देणं सोपं जातं, आणि श्रेय तिकडे वळतं.

याच्या नेमकं उलटही घडतं. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकाच ठरावीक लक्ष्याला चिकटणारी एकसारखी प्रथिनं, बनवण्याची रीत ‘नेचर’मध्ये दिली. 1984 चं नोबेल त्यांना नील्स येर्ने यांच्यासह मिळालं. आज अशा अँटिबॉडी जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये असतात, औषधं म्हणून रुग्णांना दिल्या जातात, आणि त्या वापरताना 1975 च्या निबंधाचा संदर्भ देण्याची गरज क्वचितच कुणाला वाटते. सीडी25 असलेल्या पेशी साकागुचींना नेमक्या हुडकून काढता आल्या, त्याही अशाच अँटिबॉडीच्या आधाराने.