ब्लाउजची माया

नागपूर, सक्करदऱ्याकडची एक गल्ली, सकाळचे दहा. ताई मशीनवर बसलीये, गिऱ्हाइकांच्या साड्यांचा फॉल-पिको बाजूला ठेवून स्वतःचाच ब्लाउज उलटा करून शिवण उसवतेय. आत बोटभर माया ठेवली होती, ती आता संपली. "मी काही जास्त खाऊन नाही राहिली, तरी असं काऊन होऊन राहिलं?"

वय ३१, दोन लेकरं, आणि सहा महिन्यांपासून दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायची सुई. सरकारी दवाखान्यात ही सुई अंतरा नावाने फुकट मिळते, २०१७ पासून. त्यात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. रोजच्या गोळीची आठवण ठेवायची नाही, घरात कोणाला कळत नाही, म्हणून बायकांना सोयीची वाटते. पाळी पुढे-मागे होईल किंवा बंदच होईल हे ताईला सांगितलं होतं, वजनाचं मात्र कोणी काही बोललं नाही.

आता वजन वाढतं का तर हो, सरासरी वर्षाला १ ते २ किलो, पण या सरासरीवर जाऊ नका कारण काहींचं अजिबात वाढत नाही आणि काहींचं भराभर वाढतं. लक्ष ठेवायचं ते पहिल्या सहा महिन्यांवर. तेवढ्यात मूळ वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर पुढेही वाढत जायची शक्यता जास्त. ताई पहिल्या दिवशी ५२ किलो होती, आज साडेपंचावन्न, ५ टक्क्यांच्या वर. म्हणून पहिल्या सुईच्या दिवशी वजन करणं आणि तो आकडा कशासाठी आहे हे त्या बाईला नीट समजावणं, हे व्हायलाच पाहिजे, तिचा हक्क आहे तो.

मग सल्ला मिळतो, चालत जा. पण कधी? पहाटे पाणी भरायचं, डबे, शाळा, मग पाच-सहा तास मशीन, आणि मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री! तिला आळशी म्हणणाऱ्याने एक दिवस हे करून बघावं.

आठवड्याला १५० मिनिटं चालणं पाहिजे, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. एकदम नको, दहा-दहा मिनिटंही चालतात, दम लागेल असं घरकामही धरलं जातं. आणि हे फक्त वजनासाठी नाही बरं का, या सुईने हाडांची घनता थोडी कमी होते, बंद केल्यावर बरीचशी भरून येते, पण चालणं, जिना चढणं हाडांना चांगलंच. चालल्याने वजन थांबेलच अशी गॅरंटी कोणी देऊ नये. सुई नसेल जमत तर कॉपर-टी आहे, छाया नावाची गर्भनिरोधक गोळी आहे, दोन्हीत हार्मोन नाही. फक्त रागात सुई चुकवून तसंच राहू नका, दिवस राहू शकतात.

ताई आणि तिची जाऊ आता साडेपाचला रेशीमबाग ग्राउंडवर जातात, लेकरं उठायच्या आत परत. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा चौथ्या सुईची तारीख होती. काट्यावर साडेपंचावन्नच. आशाताईने कार्डवर आकडा लिहिला, आणि ताईने खुर्ची जवळ ओढली, "ते कॉपर-टीचं परत एकदा सांगा ना."