कुठून बोलताय?

(काळा पडदा. कर्सर लुकलुकतोय.)

पासवर्ड बरोबर आहे. तीनदा टाकून झाला. तरी उत्तर एकच, लॉगिन चुकीचं.

हाच रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, आणि हाच पासवर्ड सर्व्हरला जोडलेल्या कीबोर्डवर चालतो. टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीने, दुरून आलं की नाही.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तुम्ही कोण, एवढ्यावर भागत नाही. कुठून बोलताय, हेही बघितलं जातं. तिच्याच वळणाच्या लिनक्सवर पूर्वी भरवशाच्या टर्मिनलांची, म्हणजे जिथून टाइप करतो त्या पडदा-कीबोर्डांची, यादी सिक्युअरटीटीवाय नावाच्या फाइलीत असायची. यादीबाहेरून आलेल्या रूटला परत पाठवायचं, आणि खरं कारण सांगायचं नाही. दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या एसएसएचमध्येही 2015 च्या ओपनएसएसएच 7.0 पासून रूटला पासवर्डने आत न घेणं हीच मूळ सेटिंग आहे. हा बिघाड नाही. कुणीतरी विचार करून लावलेली कडी आहे.

(टेलिटाइप. कागदावर अक्षरं आपटतायत.)

टेलिटाइप म्हणजे तारेवरून चालणारं टंकयंत्र. हे मॉडेल 33, 1963 सालचं. सेकंदाला 10 अक्षरं. युनिक्समध्ये टर्मिनलाला टीटीवाय म्हणतात, ते नाव टेलिटाइपवरूनच आलं.

बाजूची कागदी पट्टी बघा. भोक एकदा पडलं की बुजत नाही. म्हणून चूक झाली की पट्टी एक घर मागे घ्यायची आणि रबआउट दाबायचं. त्या ओळीतली सगळी भोकं पडतात, आणि वाचणारं यंत्र ती ओळ सोडून देतं. सातही बिट एक, म्हणजे 127. बॅकस्पेसचा आकडा वेगळा, 8. त्याचा अर्थ फक्त एक घर मागे.

आजही खोडायची कळ दाबली की काही टर्मिनलं 8 पाठवतात, काही 127. पलीकडे दुसराच आकडा ठरलेला असेल, तर अक्षर पुसलं जात नाही, उलट टोपी (^) आणि एच, नाहीतर टोपी आणि प्रश्नचिन्ह उमटतं. तिथे निदान दिसतं. टेलनेटवर किंवा आत येऊन रूट होताना पासवर्ड टाकतो, तेव्हा काहीच दिसत नाही. बोट चुकतं, आपण खोडतो, आणि ते खोडणंच पासवर्डात जाऊन बसतं. सुरुवातीच्या युनिक्समध्ये तर हॅशने अक्षर पुसलं जायचं आणि ॲटने अख्खी ओळ. अशा वेळी पासवर्ड दुरुस्त करत बसू नका. कंट्रोल-यू दाबा, पहिल्यापासून टाका. आत आल्यावर एसटीटीवाय इरेज ही कमांड लिहून खोडायची कळ नेमून द्या.

(पडदाभर वेड्यावाकड्या रेषा.)

बायनरी, म्हणजे साधा मजकूर नसलेली, फाइल कॅट कमांडने पडद्यावर ओतली की असं होतं. रीसेट लिहा. अक्षरं ओळखू आली नाहीत तरी लिहा आणि एंटर दाबा. पडदा गोठला तर आधी कंट्रोल-क्यू. एडिटर उघडेना, तर टर्म व्हेरिएबल तपासा, त्यात तुमच्या टर्मिनलाचं नाव असतं. पलीकडच्या टर्मइन्फोला, म्हणजे टर्मिनलांच्या माहितीच्या साठ्याला, तुमचं टर्मिनल माहीत नसेल, तर तेवढ्यापुरतं व्हीटी100 हे जुनं, सगळीकडे ओळखीचं नाव सांगा.

राहिला रूट. पासवर्डने दार उघडं ठेवलं, तर एसएसएचच्या 22 नंबरच्या पोर्टवर अंदाज मारणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस येतात, आणि एक अंदाज लागला की सर्व्हर गेला.

(दोन खिडक्या, शेजारी शेजारी.)

एसएसएचडीची, म्हणजे सर्व्हरवर एसएसएच घेणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग बदलताना पहिली खिडकी बंद करायची नाही. फाइल आधी एसएसएचडी वजा टी ने तपासायची. मग दुसऱ्या खिडकीत स्वतःच्या नावाने लॉगिन, आणि लागेल तिथेच सुडो, म्हणजे एका कमांडपुरते रूटचे अधिकार.

लॉगमध्ये ओळ उमटते. आधी माणसाचं नाव. पुढे टीटीवाय.