नव्या देशातलं पहिलं क्रेडिट कार्ड, आणि आमचे अण्णा

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता, विशेषतः ऑगस्टात युनिव्हर्सिटीत आलेल्या पोरापोरींनी आणि नुकतंच ग्रीन कार्डावर आलेल्या आईबाबांनी, की अमेरिकेत पहिलं क्रेडिट कार्ड मिळवायचं कसं. भारतात तर दिवसाआड फोन येतो, मॅडम प्री-अप्रूव्हड आहे, लाइफटाइम फ्री आहे, आपण भाजी निवडता निवडता नको हो नको म्हणून फोन ठेवतो. आणि इथं तेच कार्ड आपण होऊन मागायला गेलं की नाही म्हणतात. चांगला पगार असला तरी नाही म्हणतात.

कारण एकच आहे आणि ते मी आज परत परत सांगणार आहे, कारण रेडिओवर मागं जाऊन ऐकता येत नाही. तुमचं भारतातलं कर्ज फेडल्याचं रेकॉर्ड इथं येत नाही. सिबिल तिकडंच राहिलं. इथं तीन ब्युरो आहेत, म्हणजे कोण उधारी कशी फेडतं त्याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन, आणि ह्या तिघांच्या लेखी तुम्ही विमानातून उतरलात त्या दिवशी जन्मलात. गंमत बघा, सिबिलची मालकी आता ट्रान्सयुनियनकडंच आहे, नावच ट्रान्सयुनियन सिबिल आहे, तरी इकडचं कपाट वेगळं आणि तिकडचं वेगळं. अपवाद थोडे आहेत, अमेरिकन एक्सप्रेस वगैरे एखादी कंपनी नोव्हा क्रेडिटमार्फत भारतातलं रेकॉर्ड बघते, ते जरूर विचारून घ्या, पण बाकी बहुतेक ठिकाणी पाटी कोरी.

आता मला अण्णांची गोष्ट सांगायचीच आहे. ज्यांनी आमच्या घरी गणपतीत ऐकलीय त्यांनी तेवढ्यात चहा टाकून घ्या.

अण्णा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे सासरे, सांगलीकडचे. सगळी हयात एका सरकारी बँकेत गेली, ब्रँच मॅनेजर म्हणून रिटायर झाले. आयुष्यात एकच कर्ज, स्टाफ हाउसिंग लोन, तेही मुदतीच्या आधी फेडलं आणि त्याचा नो ड्यूज दाखला अजून लॅमिनेट करून ठेवलाय. कुणाचं एक पैसा देणं नाही हे वाक्य ते ओळख करून देताना नावानंतर लगेच सांगतात. तर असे अण्णा काकूंना घेऊन मुलाकडं न्यू जर्सीला आले, ग्रीन कार्ड झालं, सोशल सिक्युरिटीचं कार्ड, म्हणजे इथल्या सरकारी नंबराचं, पोस्टानं घरी आलं, आणि अण्णा म्हणाले आता आपलं स्वतःचं क्रेडिट कार्ड पाहिजे. मुलगा म्हणाला, अहो अण्णा माझ्या कार्डावर तुमचं नाव घालतो ना, ऑथराइझ्ड युजर म्हणून, दोन मिनिटांचं काम आहे. अण्णा म्हणाले, मुलाच्या कार्डावर मी कोथिंबीर आणायची? नाही जमायचं.

केला ऑनलाइन अर्ज. काही दिवसांनी पत्र आलं, नकाराचं. इथं कायदाच आहे की नकार दिला तर ३० दिवसांत कळवायचं आणि कारणही द्यायचं, आणि कारण होतं इन्सफिशियंट क्रेडिट हिस्टरी. अण्णा पत्र हातात धरून खुर्चीत बसले. इन्सफिशियंट? मला? आणि काकू आतनं म्हणाल्या, तासगावच्या त्या द्राक्षबागवाल्याला तुम्ही तीन हेलपाटे घालायला लावले होते, जुनं खातं नाही म्हणून, आठवतंय का? अण्णा म्हणाले त्याचा सातबारा क्लिअर नव्हता. काकू म्हणाल्या तुमचा तरी इथं कुठाय सातबारा.

पण अण्णा ऐकतायत होय. बसले टेबलाशी आणि हातानं पत्र लिहिलं, विथ रेफरन्स टू युवर लेटर डेटेड अमुक तमुक, आय बेग टू स्टेट दॅट आय वॉज मायसेल्फ अ सँक्शनिंग ऑथॉरिटी. खाली सही, सहीखाली कंसात नाव, त्याखाली ब्रँच मॅनेजर रिटायर्ड. मुलानं सांगितलं की अण्णा हे कोणी वाचत नाही, हे मशीन ठरवतं. अण्णा म्हणाले पत्र आलंय म्हणजे कोणीतरी पाठवलंय. टाकलं पोस्टात. उत्तर आलं, आलं म्हणजे काय, तेच छापील पत्र परत आलं, फक्त तारीख बदलून. अण्णांनी त्यावर लाल पेनानं रिसीव्हड लिहून फाइलला लावलं.

मग म्हणाले मी ब्रँचला जाऊन बोलतो. सून घेऊन गेली गाडीतनं, तीच माझी मैत्रीण, तिनंच हे सगळं मला सांगितलंय आणि सांगताना हसून तिला ठसका लागला होता. अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकचा फोल्डर, त्यात पेन्शनची ऑर्डर, सर्व्हिस सर्टिफिकेट, एफडीच्या पावत्या आणि तो लॅमिनेटेड दाखला. काउंटरवर लॉलीपॉपचा बोल ठेवलेला असतो बघा इथल्या बँकांत, अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की हे काय बँकेत. ऑफिसर म्हणजे अगदी कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलगी. तिनं आपलं सवयीनं हाउ आर यू डुइंग टुडे विचारलं आणि अण्णांनी तिला गुडघ्याचं सगळं सांगितलं, डावा जास्त दुखतो इथपर्यंत. ती बिचारी ऐकत बसली. गोड पोर हो, मला अशा मुलांचं फार कौतुक वाटतं, आपल्याकडं काउंटरवर मान वर करून बघतील तर शपथ, आता हे ऐकून बँकेतली मंडळी मला फोन करणार, करा.

तर ती म्हणाली सर, तुम्ही सिक्युअर्ड कार्ड घ्या. म्हणजे काय, तर तुम्ही आमच्याकडं ५०० डॉलर डिपॉझिट ठेवायचे, आम्ही तुम्हाला ५०० डॉलरचं लिमिट देऊ, नीट वापरलंत की काही महिन्यांनी डिपॉझिट परत. अण्णा म्हणाले, थांबा. माझेच ५००, ते तुमच्याकडं, आणि मग त्यावर मी तुमच्याकडून ५०० उधार घ्यायचे? येस सर. आणि वेळेवर नाही भरले तर व्याज तुम्ही माझ्याकडून घेणार? येस सर. मैत्रीण सांगते की तिला वाटलं आता इथं मोठा तमाशा होणार, ती पर्स उचलून तयार. अण्णा दोन मिनिटं गप्प. आणि मग एकदम चेहरा खुलला, म्हणाले, अगं हे तर एफडीवरचं कर्ज! असली कर्जं मी पोत्यानं दिलीयत!

आणि तिथनं पुढं जे झालं ते मला सगळ्यात आवडतं. अण्णा खुर्ची ओढून पुढं सरकले आणि त्या मुलीला विचारलं, मार्जिन किती? तिला कळेना. अण्णा म्हणाले, म्हणजे आम्ही १०० रुपयांच्या एफडीवर ९० द्यायचो, १० आमच्या सेफ्टीला, तुम्ही ५०० वर ५०० देताय म्हणजे मार्जिन शून्य, व्याज चढलं तर वसूल कशातनं करणार? हे बरोबर नाही, तुमच्या वरिष्ठांना सांगा. म्हणजे ज्या बँकेनं ह्यांना नाकारलं त्या बँकेला हे शिकवून आले की तुम्ही फार सैल हातानं कर्ज देता! येताना फॉर्म भरला, सही केली, आणि मैत्रीण म्हणते एक लॉलीपॉप पण उचलला, काकूंसाठी.

कार्ड आलं. अण्णांनी एक लांब वही केली, तारीख, दुकान, रक्कम, पावती टाचणीनं टोचलेली. ओक ट्री रोडवरनं कोथिंबीर आणि दुधी आणायचा, आणि रात्री जेवायच्या आधी ऑनलाइन पैसे भरून टाकायचे, उधारी घेऊन झोप येत नाही म्हणून. कोणीतरी देवळात त्यांना सांगितलं की थोडी बाकी ठेवायची असते, थोडं व्याज गेलं की क्रेडिट स्कोअर, म्हणजे पत मोजणारे मार्क, वाढतो. अण्णा म्हणाले, व्याज भरून पत वाढते असं सांगणारा माणूस बँकेतलाच असणार. आणि हे अण्णांचं वाक्य तुम्ही लिहूनच ठेवा, कारण ते शंभर टक्के खरं आहे, बाकी ठेवल्यानं स्कोअर वाढत नाही, फक्त बँकेची कमाई वाढते.

अरे बापरे, घड्याळ बघा. बरं, भराभर कामाचं सांगते.

स्कोअर म्हणजे मुख्यतः फायको, ३०० ते ८५०. पहिलं कार्ड चालू होऊन साधारण ६ महिने झाल्याशिवाय फायको स्कोअर निघतच नाही, त्यामुळं दुसऱ्या महिन्यात शोधू नका. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला आणि ३० टक्के लिमिटपैकी किती वापरलं त्याला. हे दोनच लक्षात ठेवा, वेळेवर भरणं आणि कमी वापरणं, वेळेवर भरणं आणि कमी वापरणं. ५०० चं लिमिट असेल तर स्टेटमेंट निघेल त्या दिवशी दीडशेच्या आत दिसलं पाहिजे. स्टेटमेंटची तारीख वेगळी आणि पैसे भरायची तारीख वेगळी, मध्ये निदान २१ दिवस मिळतात. ऑटो-पे लावा, आणि मिनिमम नाही हो, फुल बॅलन्सचा लावा. ३० दिवसांवर उशीर झाला तर ते रिपोर्टवर ७ वर्षं राहतं. ७ वर्षं.

स्टुडंट मंडळी, एफ-१ व्हिसावर नुसतं आल्यानं सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, कॅम्पसवर काम लागलं की मिळतो. तोपर्यंत काही बँका पासपोर्टवर किंवा आयटिनवर, म्हणजे टॅक्स भरायला मिळणाऱ्या नंबरावर, स्टुडंट कार्ड देतात, जी युनिव्हर्सिटीच्या आसपासची बँक असेल तिथं आधी खातं उघडा आणि विचारा. वय २१ च्या आत असेल तर २००९ च्या कायद्याप्रमाणं स्वतःचं उत्पन्न दाखवावं लागतं नाहीतर सहकर्जदार लागतो. आणि एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर २ वर्षं दिसते.

ज्या बायका एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळं मिळणाऱ्या व्हिसावर, घरी आहेत त्यांच्यासाठी, हे नीट ऐका. अर्जात उत्पन्न विचारतात तिथं शून्य लिहायची गरज नाही. २०१३ पासून नियम आहे की २१ वर्षं पूर्ण झालेल्या अर्जदाराला नवऱ्याचं किंवा बायकोचं उत्पन्न, जे आपल्याला खर्चायला मिळतं, ते दाखवता येतं. घर आपण चालवायचं आणि कागदावर शून्य, हे मला कधीच पटलं नाही. आणि अण्णांसारखा ताठा नसेल तर ऑथराइझ्ड युजर जरूर व्हा, नवऱ्याचं जुनं नीट चाललेलं कार्ड असेल तर ते बहुतेकदा तुमच्याही रिपोर्टवर दिसायला लागतं. त्यानं भरायला उशीर केला तर तेही दिसू शकतं, हे त्याला जेवताना सांगून ठेवा.

लंडनवाले ऐकत असतील तर तुमच्यासाठी एकच, मतदारयादीत नाव घाला. भारतीय पासपोर्टवर तिथं राहणाऱ्यांना कॉमनवेल्थ नागरिक म्हणून नाव नोंदवता येतं, आणि यादीत नाव असलं की पत्ता पक्का धरला जातो, कार्डाच्या अर्जाला त्याचा उपयोग होतो. कॅनडावाल्यांचं बरं आहे, तिथल्या मोठ्या बँका नव्यानं आलेल्यांसाठी वेगळं पॅकेज ठेवतात, त्यात हिस्टरी नसताना कार्ड मिळतं.

इथलं कार्ड येईपर्यंत भारतातलं कार्ड वापरायचं तर निघायच्या आधी ॲपमध्ये इंटरनॅशनल चालू करा, आणि भारतातला फोन नंबर बंद करू नका, ओटीपी तिकडंच जातो. दर खरेदीवर साधारण साडेतीन टक्के मार्कअप जातो, वर जीएसटी. पेट्रोल पंपावर मशीन झिप कोड मागतं, पाच आकडी, आपला पिन कोड सहा आकडी, तिथं झगडत बसू नका, आत जाऊन माणसाला कार्ड द्या आणि आधी पैसे भरा. न्यू जर्सीवाल्यांना हा प्रश्नच नाही, आपल्याकडं १९४९ पासून कायद्यानं स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे, माणूस येऊन भरतो, आणि माझ्या मते ही राज्यातली सर्वात शहाणी गोष्ट आहे, पेनसिल्व्हेनियाची हद्द ओलांडली आणि थंडीत हात गारठले की पटतं.

आणि ते पॉइंट्सवाले. दिवाळीच्या पार्टीला एक तरी असतोच, मी फुकटात बिझनेस क्लासनं मुंबईला गेलो म्हणणारा. तुम्ही नवीन आहात, त्यांचं ऐकू नका. वार्षिक फी नसलेलं साधं कार्ड घ्या आणि ते बंद न करता वर्षानुवर्षं ठेवा.

शेवटचं. तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट आता आठवड्याला एकदा फुकट बघता येतात, ॲन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या साइटवर, त्याच नावाची, दुसऱ्या कुठल्या साइटला कार्ड नंबर देऊ नका. कार्ड मिळालं आणि पुढं लगेच काही घ्यायचं नसेल तर तिन्हीकडं क्रेडिट फ्रीज करून ठेवा, २०१८ पासून तेही फुकट आहे, म्हणजे तुमच्या नावानं दुसरा कोणी सहजासहजी खातं उघडू शकत नाही. नवीन अर्ज करताना तेवढं उघडायचं. अण्णांनी तिन्हीकडं केलंय, तिन्ही पासवर्ड त्याच लांब वहीत लिहिलेत, शाईनं, पहिल्या पानावर, वर मोठ्या अक्षरात गोपनीय. तसं करू नका.

भारतातल्या खात्याचं, एनआरओ-एनआरईचं, आज राहिलंच, ते पुढच्या वेळी नक्की. काचेपलीकडनं मला खुणा करतायत, येते.